तळे कोणाच्या मालकीचे?

उपवासकाळ सुरू झाला की आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांत एक विषय ठरलेला असतो. दुसऱ्याचा न्याय करू नका. जो जसा आहे तसा त्याचा स्वीकार करा. मग कुसळ आणि मुसळ यांचा दाखला येतो, मंदिरात छाती पिटणारा जकातदार येतो, दगड हाती घेऊन उभे राहिलेले आणि एकेक करून निघून गेलेले पुढारी येतात. श्रोते मान डोलावतात. आणि मिस्सा संपून पंधरा मिनिटे होत नाहीत तोच चर्चच्या आवारातील झाडाखाली तीन-चार जणांचा निकाल लागलेला असतो. कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, कोणाच्या घरी कर्ज कशामुळे झाले, कोण कोठल्या मुलखातून आला आणि त्याची माणसे कशी असतात, या सर्व खटल्यांत साक्षीपुरावा लागत नाही आणि आरोपी तर नेहमीच गैरहजर असतो.

हे प्रवचन मी स्वतः पंचवीसहून अधिक वर्षे केले आहे. आज मला त्या प्रवचनाविरुद्धच लिहावयाचे आहे. त्यातील शिकवण खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. ती प्रभूची शिकवण आहे. परंतु आपण ती ज्या गोड आणि बोथट रीतीने सांगतो, तीमुळे सांगणाऱ्याला काही द्यावे लागत नाही आणि ऐकणाऱ्याचे काही बिघडत नाही. 'स्वीकार' हा शब्द आपण इतका मऊ करून ठेवला आहे की तो कोणालाही टोचेनासा झाला आहे. जो शब्द टोचत नाही, त्याने पश्चात्ताप कसा होणार?

आधी माझा स्वतःचा गुन्हा सांगतो. म्हणजे दुसऱ्यांविषयी लिहिण्याचा थोडाफार अधिकार मला मिळेल.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा समाज लहान आहे. कारखान्यांत नोकरीनिमित्त आलेली काही जुनी कुटुंबे, शाळा-दवाखान्यांतील मंडळी, आणि गेल्या काही वर्षांत ओडिशा, झारखंड, छत्तीसगड येथून कंत्राटदारांच्या मार्फत आलेले आदिवासी तरुण. या तरुणांत कॅथॉलिक पुष्कळ आहेत. बिरवाडी, नांगलवाडी, जिते या बाजूंना एकेका खोलीत सहा-सात जण राहतात. रविवारी सुटी असेल तो येतो, मागच्या बाकावर बसतो, मिस्सा संपताच निघून जातो.

काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारी सकाळच्या मिस्सेत ख्रिस्तशरीर देताना असाच एक तरुण रांगेतून माझ्यासमोर आला. डोळे तांबारलेले, पाय किंचित अडखळणारे आणि अंगाला दारूसारखा उग्र दर्प. त्या आधीच्याच आठवड्यात धर्मग्रामातील दोन ज्येष्ठांनी मला बजावले होते, "फादर, ही मुले पिऊन चर्चमध्ये येतात, लक्ष ठेवा." मी लक्ष ठेवले. मी हात मागे घेतला, मान हलवली आणि त्याला बाजूला होण्याची खूण केली. तो काही बोलला नाही. दोन्ही हात जसे पुढे धरले होते तसेच धरून क्षणभर उभा राहिला आणि मग सरळ दाराबाहेर गेला. मला समाधान वाटले, हे लपवीत नाही. पवित्र गोष्टीचे मी रक्षण केले असे मला वाटले.

तीन दिवसांनी त्याच्या खोलीतील एका सोबत्याकडून कळले. तो रात्रपाळी करून, बदली कामगार न आल्यामुळे आणखी काही तास थांबून, कपडेही न बदलता मिस्सेला धावत आला होता. त्याच्या विभागात यंत्रांची भांडी धुण्यासाठी सॉल्व्हंट वापरतात. तो वास कपड्यांत मुरतो, केसांत राहतो. रसायनांच्या कारखान्यात काम केलेल्या कोणालाही तो चटकन ओळखता येतो. डोळे त्यामुळेच लाल होते आणि पाय झोपेने अडखळत होते. तो दारू पीतच नसे.

मी त्याला भेटावयास गेलो तेव्हा कंत्राट संपून त्याची तुकडी दुसऱ्या राज्यात गेली होती. त्याची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही. आज तो जेथे कोठे असेल तेथे चर्चमध्ये जात असेल की नाही, हे मला ठाऊक नाही. हा प्रश्न मी प्रत्येक प्रायश्चित्त साक्रामेंताच्या वेळी बरोबर घेऊन जातो. पापाची क्षमा मिळते. परंतु पुढे धरलेले ते दोन रिकामे हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

न्यायाला लागणाऱ्या तीन गोष्टी

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना संत थॉमस अक्विनास यांचे एक विवेचन आम्हाला पाठ करावे लागे. परीक्षेत त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते. न्याय योग्य ठरण्यासाठी तीन गोष्टी हव्यात, असे ते सांगतात. न्यायाची ओढ हवी, न्याय करण्याचा अधिकार हवा आणि बाबीविषयी खात्रीचे ज्ञान हवे. पहिली गोष्ट नसेल तर तो न्याय दुष्ट ठरतो. दुसरी नसेल तर बळकावलेला ठरतो. तिसरी नसेल तर तो केवळ संशय असतो. आणि जेथे शंकेला जागा आहे तेथे माणसाचा अर्थ चांगल्या बाजूनेच लावावा, असेही ते म्हणतात. वाईट माणसाला चांगला समजून पुष्कळदा फसणे हे चांगल्या माणसाला एकदाच वाईट समजण्यापेक्षा बरे. संत इग्नेशियस यांनीही आपल्या 'आध्यात्मिक साधने'च्या प्रारंभी जवळपास हीच अट घातली आहे: समोरच्याच्या बोलण्याचा चांगला अर्थ लावण्याची तयारी प्रथम हवी, अर्थ लागला नाही तर त्यालाच विचारावे.

वेदीसमोर मला अधिकार होता. हेतूही, निदान माझ्या मते, शुद्ध होता. फक्त ज्ञान नव्हते. विचारावयास अर्धे मिनिट पुरले असते. धर्मसंहितेचा ८४३ वा नियम सांगतो की योग्य वेळी, योग्य तयारीने आणि धर्मनियमाची आडकाठी नसताना साक्रामेंत मागणाऱ्याला धर्मगुरूने नकार देऊ नये. आडकाठी होती ती माझ्या नाकाची.

याच शास्त्रातील आणखी एक धडा आपण सर्व बालपणीच्या धर्मशिक्षणात शिकलो आहोत. मरणप्राय पाप घडण्यास तीन अटी लागतात: बाब गंभीर असावी, तिची पूर्ण जाण असावी आणि मनाची पूर्ण संमती असावी. आता विचार करा. या तीनपैकी बाहेरच्या माणसाला दिसते ती फक्त पहिली. जाण आणि संमती या दोन गोष्टी माणसाच्या अंतःकरणात असतात आणि तेथे परमेश्वराखेरीज कोणाला प्रवेश नाही. म्हणजे आवारातील झाडाखाली बसणारे आपले न्यायालय एक-तृतीयांश पुराव्यावर शंभर टक्के शिक्षा सुनावीत असते.

महाडचे तळे

आपण ज्या गावाच्या शेजारी राहतो त्या गावाने या विषयावरचा एक मोठा धडा साऱ्या देशाला दिला आहे. दुःख असे की आपले लोक त्या तळ्यावरून रोज ये-जा करतात, पण ती गोष्ट आपली नव्हे असे मानतात.

ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांनाही करू द्यावा. त्याला अनुसरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव झाला, दप्तरात गेला. पुढील तीन वर्षे तळ्यावर एकही अस्पृश्य माणूस उतरू शकला नाही. कागदावर स्वीकार झाला होता. काठावर झाला नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. २० मार्चला प्रतिनिधी शिस्तीने तळ्यावर गेले, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी प्याले आणि मग इतरांनी. एवढेच घडले. त्यानंतर गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कोणाचाही बेत नव्हता. परंतु विचारावयास कोण जातो? जमाव मंडपावर चालून गेला, अन्न मातीत मिळवले गेले, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा घ्यावा लागला. प्रतिनिधींत लष्करात राहिलेली माणसे होती. त्यांना प्रतिकार करता आला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

अक्विनास यांच्या तीन कसोट्या या जमावाला लावून पाहा. न्यायाची ओढ नाही, अधिकार नाही, ज्ञान नाही. होती ती केवळ अफवा. तरीही शिक्षा तत्काळ अमलात आली.

डिसेंबरमध्ये पुन्हा परिषद भरली. त्यासाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. तो दिवस नाताळचा होता. आपल्या चर्चमध्ये त्या दिवशी गव्हाणीतील बाळासमोर गीते म्हटली जात होती; ज्या बाळाच्या आईला सरायखान्यात जागा मिळाली नव्हती, त्या बाळासमोर. न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यामुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब करण्यात आला आणि दावा चालू राहिला. तळे आमच्या मालकीचे, ही रूढी अनादी काळापासूनची, असे फिर्यादींचे म्हणणे. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: अशी अनादी रूढी फिर्यादींना सिद्ध करता आलेली नाही. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

या लढ्यातील दोन गोष्टी आपल्या विषयासाठी फार महत्त्वाच्या आहेत.

पहिली अशी. ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे आणि जवळकर या पुढाऱ्यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देताना ब्राह्मणांना बरोबर घेऊ नये, अशी अट घातली होती. बाबासाहेबांनी ती नाकारली. आपला विरोध जन्माला नाही, उच्चनीचतेच्या वृत्तीला आहे, अशी त्यांची भूमिका होती. मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मणच होते. सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हेही स्पृश्य समाजातील होते. ज्यांचा शतकानुशतके जन्मावरून न्याय केला गेला, त्यांच्या नेत्याने दुसऱ्याचा न्याय जन्मावरून करण्यास नकार दिला. आपल्या प्रवचनांत आपण क्षमा आणि स्वीकार यांची उदाहरणे परदेशी संतांच्या चरित्रांतून शोधीत बसतो. हे उदाहरण चर्चपासून हाकेच्या अंतरावर आहे.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. पशुपक्ष्यांना आणि परधर्मीयांना त्या तळ्यावर मज्जाव नाही, मज्जाव आहे तो फक्त अस्पृश्यांना, हे बाबासाहेबांनी डिसेंबरच्या भाषणात दाखवून दिले होते. परधर्मीयांत आपणही आलो. १९२७ साली एखादा कॅथॉलिक प्रवासी महाडास आला असता तर तो त्या तळ्याचे पाणी पिऊ शकला असता. म्हणजे काठावर उभ्या असलेल्या दोन बाजूंपैकी आपण आपोआप परवानगी असलेल्यांच्या बाजूला होतो. आणि ज्याला पाणी मिळते त्याला तहानेचा प्रश्न दिसत नाही.

आपल्यात जात नाही?

येथे काही वाचक म्हणतील, "फादर, हा हिंदू समाजाचा प्रश्न. आपल्यात जात नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकताच मला त्या घराच्या लग्नपत्रिका आठवतात.

आपल्यात जात नाही, तर विवाहासाठी स्थळे पाहताना आपण 'आपल्यातला' हा शब्द का वापरतो? बाप्तिस्मा एक, वेदी एक, पण वधू-वर पाहताना पूर्वजांचा व्यवसाय आणि वाडी यांची चौकशी का? गोव्यातील कित्येक बंधुसंघांचे सभासदत्व पिढ्यान्‌पिढ्या जातीवरून ठरत आले. तमिळनाडूत दफनभूमीत मेलेल्यांनाही वेगळे ठेवणाऱ्या भिंती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तमिळनाडूच्या बिशपांना ख्रिस्ती लोकांतील जातिभेदाबद्दल उघड शब्दांत सुनावले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथॉलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले आणि ख्रिस्तसभेच्या आत भेदभाव आहे याची कबुली दिली. दलित समाजातील पहिले कार्डिनल अँथनी पूला यांची नेमणूक झाली ती २०२२ साली. संत थॉमस भारतात पहिल्या शतकात आले, अशी आपली परंपरा आपण अभिमानाने सांगतो. मधली शतके मोजून पाहावीत.

आणखी एक विसंगती पाहा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यांत आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. या अन्यायाविरुद्ध आपण योग्य रीतीने निवेदने देतो. त्या निवेदनांत आपण लिहितो की धर्म बदलला तरी जातीचे चटके थांबत नाहीत. हे चटके देतो कोण? शासनदरबारी आपल्यात जात आहे आणि लग्नमंडपात आपल्यात जात नाही, अशी दोन तोंडांनी साक्ष देणाऱ्याला न्यायालय काय म्हणेल?

स्वीकार हे दान नव्हे

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चवदार तळ्यावर आलेल्या माणसांनी 'आम्हाला स्वीकारा' अशी याचना केली नव्हती. पाणी सर्वांचे आहे, आम्ही माणसे आहोत, म्हणून आम्ही पिणार, एवढेच ते म्हणत होते. आपल्या प्रवचनांतील 'स्वीकार' मात्र नेहमी वरून खाली वाहतो. आम्ही आत आहोत, ते बाहेर आहेत. आमचे मन मोठे म्हणून आम्ही दार किलकिले करतो. म्हणजे दार आमचे, तळे आमचे, आणि पाणी पिणारा आमचा उपकृत. अशा स्वीकारात न्याय करणे थांबत नाही. फक्त निकाल सौम्य होतो. आरोपीला निर्दोष सोडले जात नाही, दया दाखवून सोडले जाते.

प्रभू येशूने काय केले? याकोबाच्या विहिरीवर तो दमून बसला असता एक शोमरोनी स्त्री भर दुपारी पाण्याला आली. यहुदी लोक शोमरोनी लोकांच्या भांड्याला स्पर्श करीत नसत. ती स्त्री, तिची जात आणि तिचा संसार, तिन्हींचा निकाल समाजाने आधीच लावलेला होता. प्रभूने तिला 'मी तुझा स्वीकार करतो' असे सांगितले नाही. त्याने तिच्याकडे पाणी मागितले. तहान त्याची होती, घागर तिची होती. ज्याला सारे विटाळलेले म्हणतात त्याच्या भांड्यातून पाणी मागणे, हा ख्रिस्ती स्वीकार आहे. तिच्या पाच पतींचा विषय निघाला तो नंतर. सत्य लपविले गेले नाही. पण ते सांगितले गेले तिच्यासमोर, तिच्याशी बोलताना आणि तिची घागर मागितल्यावर. आपण सत्य सांगतो ते तिच्या पाठीमागे, झाडाखाली, आणि घागर तर शिवतच नाही.

महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली विटाळाच्या कल्पनेवर प्रश्नांचा भडिमार करणारी 'विटाळ विध्वंसन' नावाची पुस्तिका काढली. विटाळ हा शब्द आपण आता वापरीत नाही. त्याच्या जागी आपण 'संस्कार', 'वातावरण', 'बाहेरचे लोक' असे सभ्य शब्द आणले आहेत. घागरी बदलल्या, ओतणे चालू आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: "मग पापाला पाप म्हणावयाचेच नाही काय?" अवश्य म्हणावे. कामगाराची मजुरी बुडविणे हे पाप आहे, बायकोला मारणे हे पाप आहे, नदीत विषारी पाणी सोडणे हे पाप आहे. आणि ही पापे चर्चच्या व्यासपीठावरून नाव घेऊन सांगितली पाहिजेत. प्रभूने मना केले आहे ते कृत्याची पारख करण्यास नव्हे. माणसाला कायमचा निकालात काढण्यास. कृत्य वाईट आहे, हे मी म्हणू शकतो. हा माणूस वाईट आहे, त्याची जमात वाईट आहे, हे म्हणण्यासाठी जी दृष्टी लागते ती मला दिलेली नाही. शिवाय एक गंमत पाहावी. ज्यांना पापाची एवढी चाड आहे त्यांचा आवाज मजुराच्या दारूवर चढतो आणि मालकाच्या बुडवेगिरीवर एकदम खाली येतो.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो. "तुम्ही पुस्तकातले सांगता. या लोकांचा अनुभव आम्हाला आहे. भांडणे होतात, चोऱ्या होतात." होत असतील. ज्याने चोरी केली त्याला पोलिसांत द्यावे. तेथे त्याला वकील मिळेल, त्याचे म्हणणे ऐकले जाईल, दोष सिद्ध झाला तर शिक्षा होईल आणि शिक्षेला मुदत असेल. आपल्या मनातील शिक्षेला मुदत नसते, आणि ती एकाने केलेल्या चोरीसाठी साऱ्या मुलखाला भोगावी लागते. आपली मुले मुंबईला, आखातात, कॅनडाला जातात. तेथे एखाद्या भारतीयाच्या अपराधावरून त्यांना कोणी घर नाकारले तर आपण त्याला काय म्हणतो? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय शुभवर्तमानात कोठे आढळत नाही.

तिसरा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण त्यात खरे दुःख आहे. स्थानिक माणूस म्हणतो, "आमच्या जमिनी कारखान्यांना गेल्या, आमची सावित्री नासली, आणि कामावर माणसे बाहेरून आणली जातात." ही तक्रार रास्त आहे. परंतु ती चुकीच्या दारात नेली जाते. जमीन त्या ओडिशाच्या पोराने घेतली नाही. नदीत सांडपाणी त्याने सोडले नाही. त्याला येथे आणले जाते ते तो स्वस्त पडतो म्हणून. त्याला गावात नातेगोते नाही, तो संप करणार नाही, जखमी झाला तर त्याच्यामागे कोणी मोर्चा काढणार नाही म्हणून. ज्या व्यवस्थेने स्थानिकाला दाराबाहेर ठेवले तिनेच याला दाराआत कोंडले. दोघांनी एकमेकांचा न्याय करीत बसावे, यात सोय कोणाची होते, याचा विचार करावा.

पूर ओसरल्यावर

महाडकर माणूस मूळचा कठोर नाही, हे मी साक्षीने सांगू शकतो. ऑगस्ट २०१६ मध्ये सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला तेव्हा, ऑगस्ट २०२० मध्ये शहरात पाच मजली इमारत कोसळली तेव्हा, जुलै २०२१ मध्ये सावित्री-गांधारीचे पाणी घरांत शिरले आणि त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली तेव्हा, लोक धावले. कोणी कोणाला जात विचारली नाही, मुलूख विचारला नाही. पुराच्या दिवसांत लोक शेजाऱ्याच्या माडीवर राहिले, एका पातेल्यातले जेवले. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी वसाहतीतील एका औषधनिर्मिती कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगार मरण पावले. तेव्हाही सारा गाव हळहळला.

मग हे शहाणपण चिखलाबरोबर कोठे वाहून जाते? कारण सरळ आहे. आपत्तीत आपल्याला समोरचा माणूस दिसतो. एरवी आपल्याला त्याच्याविषयीचे मत दिसते. जळालेल्या कामगारासाठी मेणबत्ती लावणे सोपे असते. तोच कामगार जिवंतपणी शेजारची खोली भाड्याने मागतो तेव्हा आपण म्हणतो, "आम्ही कुटुंबवाल्यांनाच देतो."

काय करावे?

तक्रार करून थांबणे हे धर्मगुरूला शोभत नाही. म्हणून तीन गोष्टी सुचवितो. प्रथम त्या मी स्वतःला लागू केल्या आहेत.

एक: धर्मग्राम परिषदेवर कंत्राटी कामगारांचा प्रतिनिधी हवा, आणि तो आपण निवडलेला नव्हे, त्यांनी निवडलेला. महिन्यातून एक मिस्सा त्यांना समजेल अशा हिंदीतून आणि त्यांच्या पाळीच्या वेळा पाहून व्हावी. आमच्याकडे हा प्रस्ताव आला तेव्हा काही मंडळींनी 'चर्चचे वातावरण' बिघडेल असे म्हटले. त्या वातावरणाची एक घागर मीही एके काळी ओतली आहे, म्हणून मी त्यांच्यावर रागावत नाही. परंतु मी मागेही सरकणार नाही.

दोन: प्रायश्चित्त साक्रामेंताला येताना विवेकाच्या तपासणीत एक प्रश्न वाढवावा. मी कोणाला मारले, कोणाला फसविले, हे आपण विचारतो. या आठवड्यात मी कोणाचा निकाल लावला, आणि तो लावण्यापूर्वी त्याला एक तरी प्रश्न विचारला होता काय, हेही विचारावे. धर्मशिक्षण ग्रंथ अविचारी न्यायाला आठव्या आज्ञेविरुद्धचे पाप मानतो. आपण त्याला गप्पा म्हणतो.

तीन: ज्याच्याविषयी आपले मत सर्वांत पक्के आहे त्याच्या घरी जावे आणि काही देण्याऐवजी काही मागावे. मी आता कामगारांच्या खोल्यांवर जातो तेव्हा आशीर्वाद देण्यापूर्वी पाणी मागतो. पहिल्यांदा मागितले तेव्हा ती मुले गडबडली. एकाने पेला तीनदा विसळला. मी तो हातात घेतला तेव्हा माझ्या लक्षात आले की इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी कोणाच्याही घरचे पाणी मी प्यालो नव्हतो. ते माझ्या चर्चमध्ये येत, मी त्यांचा 'स्वीकार' करीत असे, आणि त्यांच्या पेल्याला माझा ओठ लागलेला नव्हता.

धर्मबंधूंनो आणि भगिनींनो, चवदार तळ्याच्या दाव्यात उच्च न्यायालयाने एक साधी गोष्ट विचारली: तुमच्या मालकीचा पुरावा काय? फिर्यादींना तो देता आला नाही. वेदीवरील भाकर, चर्चमधील बाक, 'आपली माणसे' हा शब्द आणि परमेश्वराची दया यांवर आपण जो मालकीहक्क सांगतो, त्याचा पुरावा आपल्यापैकी कोणाजवळ आहे काय? माझ्याजवळ नाही. आणि तो मी एकदा, वेदीसमोर उभा राहून, एका थकलेल्या मुलाविरुद्ध वापरला आहे.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये शिरताना मागच्या बाकाकडे पाहावे. तेथे एकटा कोणी बसला असेल तर पुढे न जाता त्याच्या शेजारी बसावे, आणि मिस्सेनंतर झाडाखाली जाण्याऐवजी त्याला त्याचे नाव विचारावे.